राखेचं सिमेंट, राडारोड्याची खडी

घर बांधायला काढलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "पीपीसी नको, त्यात राख असते." पीपीसी म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली राख मिसळलेलं सिमेंट. मिस्त्री सांगतो, शेजारी दुजोरा देतो आणि माणूस स्लॅबसाठी हट्टाने ओपीसीची, म्हणजे राख नसलेल्या साध्या सिमेंटची, 53 ग्रेडची पोती उतरवून घेतो. राख म्हणजे भेसळ, ही समजूत मला खरोखर खटकते.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की ताकद देणाऱ्या पदार्थाबरोबर चुनाही सुटतो. हा चुना काँक्रीटच्या पोटात पडून राहतो आणि पाणी झिरपलं की विरघळून बाहेर येतो. गळक्या स्लॅबच्या खालच्या बाजूला पांढरे ओघळ दिसतात, ते त्याचेच. औष्णिक वीजकेंद्रातल्या बारीक राखेत काचेसारख्या रूपातली सिलिका असते. ती या चुन्याशी संयोग पावते आणि पुन्हा ताकद देणारा पदार्थच बनतो. बारीक छिद्रं बुजतात, खारं पाणी सळईपर्यंत सहजी पोचत नाही. कोकणपट्टीत घर बांधणाऱ्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. आपले जुने गवंडी घाणीच्या चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड घालत, तेही याच रसायनाच्या जोरावर.

पुरावा हवा असेल तर सह्याद्रीतल्या घाटघरला जा. देशातलं पहिलं रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं धरण तिथे उभं आहे आणि त्या काँक्रीटमध्ये सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. एवढ्या मोठ्या ओतकामात सिमेंटची उष्णता आत कोंडते आणि बाहेरचा भाग थंड होताना भेगा पडतात. राखेमुळे ती उष्णता कमी होते. घरगुती पीपीसीत राखेचं प्रमाण 15 ते 35 टक्के असतं आणि ते पोत्यावर छापलेलं असतं, वाचून घ्या.

दुसरी बाजूही पाहा. चुनखडी 1450 अंशांपर्यंत तापवून क्लिंकर बनतं, ते दळलं की सिमेंट होतं. एक टन क्लिंकरमागे 800 किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि त्यातला निम्म्याहून जास्त इंधनातून नव्हे, चुनखडीतूनच सुटतो. म्हणून भट्टी कितीही सुधारली तरी तो राहतोच, क्लिंकर कमी वापरणं हाच उपाय. आणि न वापरलेली राख कुठे जाते? जुलै 2022 मध्ये नागपूरच्या कोराडी वीजकेंद्राजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती शेतांत शिरली.

मात्र राखेला वेळ द्यावा लागतो. तिची ताकद सावकाश येते, 28 दिवसांनंतरही वाढत राहते. पाणी मारण्यात कसूर केलीत तर दोष सिमेंटचा नाही. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे अशा काँक्रीटला किमान 10 दिवस, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत 14 दिवस पाणी हवं. विदर्भातल्या मे महिन्यात स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, नुसती सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवून भागत नाही. आणि तळ्यातली ओली राख ट्रॉलीने आणून साइटवर फावड्याने मिसळू नका. तिचा बारीकपणा आणि त्यातला न जळलेला कोळसा तपासलेला नसतो.

आता राडारोडा. पाडलेल्या काँक्रीटची खडी करता येते. खडी-वाळूचं मानक असलेल्या आयएस 383 च्या 2016 च्या आवृत्तीने ती एम 25 या ताकदीच्या ग्रेडपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत आणि बिनसळईच्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत चालवली आहे. हातात घेऊन पाहिलीत तर दगडाला जुना मसाला चिकटलेला दिसेल. तो पाणी पितो, म्हणून ही खडी आधी भिजवून घ्यावी, नाहीतर मिक्सरमधलं पाणी तीच शोषते आणि माल घट्ट होतो. मग कामगार वरून पाणी ओततात आणि ताकद जाते. या खडीचा खरा शत्रू पीओपी आहे. त्यातलं सल्फेट काँक्रीट फुगवतं. तेव्हा घर पाडायला देताना ठेकेदाराशी आधीच बोला: फॉल्स सीलिंग आणि लाकूड वेगळं काढायचं, मगच घण घालायचा.