एमानुएला ओर्लांदी: पहिल्या रात्रीचे प्रश्न

२२ जून १९८३, बुधवार. रोममधल्या एका संगीतशाळेतून पंधरा वर्षांची मुलगी संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर पडली आणि घरी पोचलीच नाही. एमानुएला ओर्लांदी तिचं नाव. पाश्चात्त्य पद्धतीची बासरी शिकायची. वडील पोपच्या दरबारी कारभारात नोकरीला, त्यामुळे कुटुंब व्हॅटिकनच्या कोटाच्या आतच राहायचं.

हे नाव काढलं की लोक लगेच विचारतात: माफियाचं काय? तिकडे मी येतोच. पण त्याआधी जरा त्या दुपारपाशी थांबू या, कारण या प्रकरणात सगळ्यांत कमी वेळ जर कशाला मिळाला असेल, तर तो त्या दुपारला.

क्लासला जाताना तिने मोठ्या भावाला विचारलं, मोटरसायकलवरून सोडतोस का? पिएत्रो नाही म्हणाला. ते 'नाही' तो आजही जाहीरपणे सांगतो. एमानुएला एकटीच गेली. संध्याकाळी तिने घरी फोन केला, तो बहिणीने उचलला. वाटेत एक माणूस भेटला म्हणाली. फॅशन शोमध्ये सौंदर्यप्रसाधनांची जाहिरात करायची, ३,७५,००० लिरा देतो म्हणतोय. दोन-चार तासांच्या कामाला एवढे पैसे! बहीण म्हणाली, आधी घरी ये, आईशी बोल. घरच्यांशी तिचं झालेलं हे शेवटचं बोलणं. त्यानंतर मैत्रिणींनी तिला बसस्टॉपपाशी पाहिलं, तेवढंच.

रात्री वडील आणि भाऊ तिला शोधत रोमभर फिरले, पोलिसांकडे गेले. उत्तर काय मिळालं? थांबा, मैत्रिणींबरोबर गेली असेल, येईल. वयात आलेली मुलगी घरी आली नाही की जगभरातल्या पोलीस ठाण्यांत हेच वाक्य ऐकू येतं, आणि ते ऐकून मला दर वेळी संताप येतो. तो माणूस कोण, कुठे भेटला, आणखी कोणी त्याला पाहिलं का, हे विचारायची वेळ तीच होती. लोकांच्या डोळ्यांपुढे चेहरे ताजे होते.

मग गलका सुरू झाला. रोमच्या भिंतींवर तिची पत्रकं लागली: कपाळावर पट्टी बांधलेला, हसरा चेहरा. वर्तमानपत्रांत घरचा फोन नंबर छापून आला आणि फोन येऊ लागले. ३ जुलैला पोप जॉन पॉल दुसरे यांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर जाहीर आवाहन केलं, ज्यांचा यात हात आहे त्यांच्या माणुसकीला. दोनच दिवसांत परदेशी धाटणीचं इटालियन बोलणाऱ्या एका माणसाचा फोन आला. पत्रकारांनी त्याचं नावच 'अमेरिकन' ठेवलं. त्याची मागणी अशी, की मेहमेत अली आजाला सोडा, मुलगी मिळेल. आजा म्हणजे १३ मे १९८१ रोजी पोपवर गोळ्या झाडणारा तुर्की तरुण. फोन करणाऱ्यांनी दिलं काय? तिच्या संगीतशाळेच्या कागदांच्या झेरॉक्स, एका मुलीच्या आवाजाची टेप. ती जिवंत आहे याचा खात्रीचा पुरावा एकदाही नाही.

तिथून पुढे बासरी शिकणारी मुलगी बाजूला पडली आणि गोष्ट हेरांची झाली, मग गुंडांची. एनरिको दे पेदिस हा रोमच्या गुन्हेगारी टोळीतला माणूस १९९० मध्ये मारला गेला आणि चक्क सांत अपोलिनारे बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, पुरला गेला, त्या संगीतशाळेच्या अगदी लगत. एमानुएलाच्या शोधात २०१२ मध्ये त्याची कबर उघडली. तिचा मागमूस नव्हता. २०१९ मध्ये एका निनावी सूचनेवरून व्हॅटिकनमधल्या जर्मन दफनभूमीतल्या दोन राजकन्यांच्या कबरी उघडल्या, तर तिथे राजकन्यांचीही हाडं नव्हती! दर वेळी ते कुटुंब काय सोसत असेल? वडील एर्कोले २००४ मध्ये गेले, उत्तर न मिळताच.

आणखी एक नाव सांगायलाच हवं. एमानुएलाच्या दीड महिना आधी, ७ मे १९८३ रोजी, रोममधलीच मिरेला ग्रेगोरी बेपत्ता झाली. तीही पंधराची. दाराच्या इंटरकॉमवर कोणीतरी बोलावलं, शाळेतला मित्र आहे, असं आईला सांगून ती खाली उतरली. तिच्या घरचे व्हॅटिकनशी जोडलेले नव्हते. तिच्या वाट्याला एमानुएलाच्या तुलनेत फारच थोडे रकाने आले. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, हेही सिद्ध झालेलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या सरकारी वकिलांनी स्वतःचा तपास सुरू केला, तब्बल चाळीस वर्षांनी. त्याच वर्षी इटलीच्या संसदेने चौकशी आयोग नेमायला मंजुरी दिली, आणि त्याच्या नावात एमानुएलाबरोबर मिरेलाही आहे, याचं मला मोठं समाधान वाटतं. या आयोगाने संगीतशाळेतल्या तिच्या वेळच्या विद्यार्थिनींनाही साक्षीला बोलावलं. आता साठीकडे झुकलेल्या या बायकांना पुन्हा त्याच संध्याकाळबद्दल विचारलं गेलं.