मत द्यायच्या आधी ग्रामसभा शिका

नमस्कार. नववी-दहावीला लोकशाही शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी आजचा व्हिडिओ आहे.

आधी एक तारीख. 16 जानेवारी 1967, गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, राहायचं? विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पानं. आपल्या मराठी घरांत हा विषय आजही तावातावाने निघतो. दोन पानं 34,021 मतांनी जिंकली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण मुलांना पुढचं जरूर सांगा. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणाऱ्या मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच लोकांनी पुन्हा सत्ता दिली. भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे लोकांनी प्रश्न वेगळा ठेवला आणि पक्ष वेगळा. केवढी ही समज! यावर अख्खा तास गेला तरी चालेल.

ही समज रोजच्या प्रश्नांत लागते ती ग्रामसभेत. गोव्यात 191 ग्रामपंचायती आहेत. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य, त्यासाठी निवडून यावं लागत नाही. तुम्ही 18 वर्षांचे झालात, यादीत नाव आलं, की सरपंचाला उभं राहून प्रश्न विचारायचा हक्क तुमचा.

मग वर्गातच ग्रामसभा भरवा. एक सरपंच, काही पंच, एक सचिव, बाकी ग्रामस्थ. विषय आपल्याच गावातला घ्या: डोंगरकापणी, ओढ्यात टाकलेला कचरा, वाड्यावरचा बंद पथदीप. सगळ्यात हुशार मुलाला सरपंच करू नका, सचिव करा! कारण इतिवृत्त तो लिहिणार, आणि जे इतिवृत्तात आलं नाही त्याचा जाब पुढच्या सभेत कशाच्या आधारावर मागणार? पुढच्या आठवड्यात ते वाचून दाखवा. "मी असं बोललोच नव्हतो" म्हणून कुणी उठला, तर तिथे खरं शिकणं सुरू झालं.

शहरातल्या मुलांनी ग्रामसभेऐवजी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला निवेदन लिहावं.

गावातल्यांनीही ठरावावर थांबू नये. पंचायतीच्या नावे निवेदन लिहा, कार्यालयात नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या. उत्तर आलंच नाही, तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाला साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तो अर्ज कसा लिहायचा, हे पुढच्या व्हिडिओत ओळीओळीने बघू.