हॅनवेलच्या दुकानातला आवाज

[अंधार. एकेक करून तांबूस उजळणारे सहा व्हॉल्व्ह.]

ज्यांच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना हा उजेड ओळखीचा वाटेल. बटण फिरवलं की लगेच काही ऐकू यायचं नाही. आधी आत लालसर दिसायचं, मग काच तापायची, आणि थोड्या वेळाने लांबून कुठून तरी बातम्या जवळ यायच्या. आज समोर आहे तो गिटारचा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र. हाताने डाग देऊन, तार तारेला जोडून बांधलेला. त्याचा मूळ आराखडा साठ वर्षांहून जुना आहे आणि तो लंडनमधल्या एका ड्रमच्या दुकानातून आला आहे.

[अक्सब्रिज रोड, पश्चिम लंडन.]

हे हॅनवेल. इथे ७६ नंबरच्या जागेत जिम मार्शल यांनी १९६० साली दुकान थाटलं. जिम ड्रमवादक, ड्रमचे शिक्षक. मालही अर्थातच ड्रमचा. पण ड्रमवाल्या पोरांबरोबर त्यांचे गिटारवाले दोस्त येऊ लागले आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: हवा तसा अ‍ॅम्प मिळत नाही. अमेरिकेच्या फेंडर कंपनीचे अ‍ॅम्प आवडायचे, पण समुद्र ओलांडून आले की त्यांची किंमत आवाक्याबाहेर जायची.

दुकानात दुरुस्तीचं काम केन ब्रॅन बघत. त्यांच्या जोडीला आला डडली क्रेव्हन, ईएमआय कंपनीत उमेदवारी करणारा, विशीही न गाठलेला मुलगा. १९६२ मध्ये त्यांनी नमुना म्हणून घेतला फेंडरचा बेसमन. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा हा अ‍ॅम्प. दहा इंची चार स्पीकर, मागची बाजू उघडी. बनवला होता बेस गिटारसाठी, पण गिटारवाल्यांनी तो कधीच पळवला होता.

नक्कल केली का? हो, केली. दोन्ही आराखडे शेजारी ठेवा, जवळपास सारखेच दिसतील. पण कृती आजीची असली तरी तिखट-मीठ इथल्या वाण्याकडचं असेल, तर आमटीची चव बदलतेच. लंडनमध्ये जे सुटे भाग सहज मिळत होते, त्यांनी हा आवाज बदलला. कसा, ते एकेक जागा दाखवून सांगतो.

[पहिला व्हॉल्व्ह, जवळून.]

गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या भागातून, येणारा विजेचा झोत अगदी क्षीण असतो. व्हॉल्व्हच्या पोटात तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉन धावत असतात आणि वाटेत एक बारीक जाळी असते. गिटारचा क्षीण झोत त्या जाळीवर हलला की इलेक्ट्रॉनचा अख्खा लोंढा त्याच्या तालावर कमी-जास्त होतो. बेसमनमध्ये या पहिल्या जागी १२एवाय७ नावाचा व्हॉल्व्ह होता. त्याची वाढवण्याची क्षमता चाळीसच्या आसपास. मार्शलच्या अ‍ॅम्पमध्ये तिथे ईसीसी८३ बसला, त्याची शंभर. म्हणजे पुढच्या व्हॉल्व्हांच्या दारात लवकरच पूर येतो. लाटेची टोकं मावत नाहीत, ती कापली जातात. ज्याला आपण 'फाटलेला' आवाज म्हणतो, तो इथे जन्मतो.

दुसरी जागा मला सगळ्यांत आवडते. अ‍ॅम्पमधून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा फिरवून पुन्हा आत आणतात, चुका दुरुस्त व्हाव्यात म्हणून. बेसमनमध्ये तो २७ हजार ओहमच्या रेझिस्टरमधून, म्हणजे वीज अडवणाऱ्या भागातून, येतो. मार्शलमध्येही रेझिस्टर २७ हजारांचाच. पण बेसमनमध्ये ती तार आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे स्पीकरला वीज पोचवणाऱ्या भागाच्या, २ ओहमच्या टोकाला होती, इथे ती १६ ओहमच्या टोकाला गेली. त्या टोकाला व्होल्टेज जवळपास तिप्पट. आकडा तोच राहिला आणि वागणं पार बदललं: आवाज बराच वेळ स्वच्छ, घट्ट राहतो आणि मग एकदम फुटतो.

[स्पीकरचं खोकं, मागून.]

तिसरी जागा सुताराची. बारा इंची चार सेलेस्टियन स्पीकर, आणि पाठ पूर्ण बंद. उघड्या खोक्यात मागून निघालेली हवा खोलीभर पसरते. पाठ बंद केली की आवाज समोरच्याच्या छातीवर येतो, आणि खालचे सूर भरीव लागतात.

सहावा नमुना जिम यांना पटला, असं सांगतात. नाव ठेवलं जेटीएम४५. जे जिमचा, टी त्यांच्या मुलाचा, टेरीचा, आणि एम मार्शलचा. पुढे स्पीकरआधीच्या शेवटच्या टप्प्यात ब्रिटिश बनावटीचे केटी६६ व्हॉल्व्ह आले, मग ईएल३४. द हू बँडच्या पीट टाउनशेंड यांना आणखी मोठा आवाज हवा होता, म्हणून शंभर वॅटचा अ‍ॅम्प झाला. त्यांच्यासाठी आठ स्पीकरचं एकच खोकं केलं, पण ते उचलताना माणसांचे हाल व्हायचे. शेवटी त्याचे दोन भाग करून एकावर एक रचले. रंगमंचावरची ती उंच काळी भिंत तेव्हापासूनची.

[कामाचं टेबल. उलटा ठेवलेला चॅसी, म्हणजे सगळे भाग बसवलेला धातूचा सांगाडा.]

आता आजचं काम. हात लावण्याआधी एक गोष्ट, आणि ती मी जीव तोडून सांगतो. प्लग काढल्यावरही या मोठ्या कपॅसिटरांत, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांत, चारशेच्या वर व्होल्ट साठलेले असू शकतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करायचे, मीटर लावून शून्याच्या जवळ आल्याची खात्री करायची, मगच बोट आत घालायचं. ज्याला ही सवय नाही, त्याने अनुभवी माणसाला शेजारी बसवल्याशिवाय चॅसी उघडू नये.

जेटीएम४५ मध्ये पहिल्या व्हॉल्व्हचे दोन्ही अर्धे भाग (गिटार लावायच्या दोन वाटांना, म्हणजे चॅनेलांना, एकेक) कॅथोडला ८२० ओहमचा एकच रेझिस्टर वाटून घेतात, आणि त्याला समांतर एक मोठा कपॅसिटर. साठच्या दशकाच्या अखेरीस मार्शलने त्यांच्या वाटण्या केल्या. झगझगीत, म्हणजे वरचे सूर उठावदार करणाऱ्या, चॅनेलच्या वाट्याला आला २.७ हजार ओहमचा रेझिस्टर आणि फक्त ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मोठा कपॅसिटर सगळ्याच सुरांना रेझिस्टरला वळसा घालू देतो. एवढासा कपॅसिटर ती सवलत वरच्या सुरांनाच देतो. खालचे सूर अडतात, कमी वाढतात, आणि आवाज फाटला तरी जाड तारांचा चिखल होत नाही.

इथे दोन्ही जोडण्या एका छोट्या स्विचवर आणल्या आहेत. गिटार तीच, हात तोच, व्हॉल्यूमही तेवढाच.

[गिटार. जाड तारांवर एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले सूर.]

हा मोठा कपॅसिटर.

[स्विचचा टक् असा आवाज. तोच कॉर्ड.]

आणि हा छोटा. पुन्हा ऐकवतो, यावेळी फक्त सहाव्या, म्हणजे सगळ्यांत जाड तारेकडे लक्ष ठेवा.