आवाज जरा कमी कराल का?

श्रोतेहो, नमस्कार. लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारांत आता झगमगीत बार आणि रेस्टॉरंटं उभी आहेत, त्यांच्याविषयी आज बोलायचंय. बारचं नाव काढलं म्हणून कान टवकारू नका आणि रेडिओही बंद करू नका. माझी तक्रार दारूबद्दल नाहीच. आवाजाबद्दल आहे, आणि बिलाबद्दल.

आम्ही कॉलेजातले चौघं मित्र, साठीच्या आसपासचे. एक पुण्याहून आलेला, एक डोंबिवलीहून. जागा भाच्यानं सुचवली. तिचं नाव सांगत नाही, शेजारच्या जागेतही हेच झालं असतं. टेबल आधी सांगून ठेवलं होतं, तरी दारात ताटकळलोच. आत मिट्ट काळोख. मेन्यू म्हणजे टेबलाला चिकटवलेला क्यूआर कोड. तो स्कॅन करायचा आणि बोटानं यादी सरकवत बसायचं. स्पीकर नेमका डोक्यावर. पुणेकराची बायपास झालेली, ती साग्रसंगीत सांगायची म्हणून तर तो आला होता. ‘मग डॉक्टर म्हणाले’ एवढं ऐकू आलं, पुढे नुसतं धाडधाड. आम्ही तिघंही माना डोलवत राहिलो.

सजावट गिरणीची. बॉबिनांचे दिवे, कोपऱ्यात दातेरी चाक आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत एक धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन. आमच्यातल्या एकाचे वडील साचेवाले, म्हणजे गिरणीत माग चालवणारे, होते. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांतले हे एक, पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. आमचा हा मित्र उठून चौकटीपाशी गेला, काचेला नाक लावून पाहिलं आणि परत येऊन माझ्या कानात ओरडला, “अरे, धोट्याच्या टोकांना लोखंड असतं. हा नुसता लाकडाचा आहे, नवा करून लावलाय!” वेटरला विचारलं, बाबा रे, ते काय आहे? तो म्हणाला, “डेकोर, सर.”

मग वडापाव आला. काळ्या दगडी पाटीवर अंगठ्याएवढे तीन. आम्ही चौघं. कोकमाचं कॉकटेल आलं ते काचेच्या झाकणाखाली, धुरासकट. झाकण उचललं, धूर उडाला, शेजारच्या टेबलावरच्या मुलींनी आमच्या पेल्याचा फोटो काढला. पेल्यात बर्फाचा एकच भलाथोरला चौकोन, त्याच्या आजूबाजूला चार घोट. साध्या परमिट रूममध्ये रेक्झिन फाटलेलं असेल, पण तीस की साठ हे विचारून, तुमच्यासमोर मापून ओततात. चण्या-शेंगदाण्यांची बशी न मागता येते. आणि मुख्य म्हणजे समोरच्याचं बोलणं कळतं!

आता बिल. ते जरा नीट ऐका. खाण्यावर जीएसटी आणि दारूवर राज्याचा व्हॅट असे दोन कर दिसतात, त्यावरून वाद घालू नका. दारू जीएसटीत येतच नाही. पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग लावली तरी उपाय नाही, सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्येच हॉटेलांना ती मुभा दिली आहे. न विचारता बाटली फोडायला आले की तिथेच हात आडवा करा आणि साधं पाणी मागा. पण बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ अशी जी ओळ असते, आमच्या बिलात ती दहा टक्क्यांची होती, तो सरकारचा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्ये सांगितलं की हा आकार आपोआप बिलात घालता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. आमच्या बिलात तर त्या आकारावरही जीएसटी लावलेला.

डोंबिवलीकरानं मॅनेजरला बोलावलं आणि ती ओळ दाखवली. मॅनेजरनं हुज्जत घातली नाही, दोन मिनिटांत नवं बिल आणलं. म्हणजे नियम त्यांना पाठ आहे, फक्त आपण विचारायची वाट बघतात. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे 1915. वेटरला टिप मात्र हातात द्या, त्या पोराचा यात काही दोष नाही.

आवाजावर असा काही इलाज नाही. टेबल सांगतानाच विचारून घ्या, गाणी किती वाजता चढतात आणि स्पीकर कुठे आहे. आम्ही गेलो तिथे म्हणे साडेआठपर्यंत बोलता येतं.