शॉट पडत नाही तेव्हा टीम काय करते?

मित्रहो,

परभणीत बास्केटबॉलवर बोलायला मला उभं केलंत, म्हणजे एक तर तुम्ही फार उदार आहात, नाही तर क्रिकेटचा वक्ता आयत्या वेळी आला नाही. मी कोच नाही, खेळाडूही नाही. सकाळी सहाला चहा घेत एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, मॅच लावणारा साधा प्रेक्षक. पण आम्हा प्रेक्षकांची एक ठरलेली तक्रार असते: परवा वीस गुणांनी जिंकलेली टीम आज वीसनं हरते, पोरांना खेळायचंच नाही. मला ती पटत नाही. टीमचे गुण येतात कुठून, ते आधी बघावं.

थ्री-पॉइंटर म्हणजे कोर्टवरच्या ठरावीक रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट; आतून मारला तर दोनच गुण. हा थ्री-पॉइंटर तीनात एक पडला, तरी तो दोनात एक पडणाऱ्या जवळच्या शॉटइतकेच गुण देतो. एनबीएत ही रेषा १९७९ साली आली, पण हा हिशोब तिथं मुरायला बरीच वर्षं लागली. आता मुरलाय, जरा जास्तच. समजा, टीम लांबून चाळीस शॉट घेते आणि सरासरी चौदा पडतात. एखाद्या दिवशी अकरा पडतील, एखाद्या दिवशी सतरा. कुणीही आळस केला नाही, तरी अठरा गुणांचा फरक! निम्म्या मॅचेस तेवढ्यात इकडच्या तिकडे होतात.

२०१८ साली ह्यूस्टन रॉकेट्सची गोल्डन स्टेटशी मालिकेतली सातवी, निर्णायक मॅच होती. हाफ टाइमला रॉकेट्स ५४-४३ पुढं. मॅचमध्ये एकदा त्यांचे ओळीनं सत्तावीस थ्री-पॉइंटर चुकले. शेवटी ४४ पैकी ७ पडले, आणि ९२-१०१ अशी हार. त्यांचा मुख्य खेळाडू ख्रिस पॉल जखमी होऊन बाहेर होता, हे खरंच. पण लांबून पडेना तेव्हा गुण काढायला दुसरी वाटच नव्हती. आपल्याकडं सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी कशासाठी टाकतात, हे परभणीकरांना मी सांगायला नको.

मग दुसरी वाट कोणती? उंच खेळाडू वर येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे बॉलवाल्याच्या मागं लागलेल्या डिफेंडरची वाट अडवून उभा राहतो. बॉलवाला त्याच्या खांद्याला घासून आत शिरतो. आता बॉल अडवायचा, की रिंगकडं धावणाऱ्या त्या उंच गड्याला? कोपऱ्यातला डिफेंडर मदतीला दोन पावलं आत येतो, तेवढ्यात कोपरा मोकळा. पास तिकडं. एनबीएत थ्रीची रेषा समोरून ७.२४ मीटरवर आहे, कोपऱ्यातून साधारण ६.७. हाही थ्रीच, पण मोकळा आणि जवळून. आणि मदतीला कुणी आलंच नाही तर थेट लेअप, म्हणजे रिंगपाशी जाऊन अलगद टाकलेला शॉट, नाही तर फाऊल आणि फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायचे एकेका गुणाचे शॉट. २०१४ साली सॅन अँटोनियो स्पर्सनी मायामीला अंतिम मालिकेत ४-१ हरवलं, ते अशाच पासांवर. बॉल कुणाच्या हातात टिकतच नव्हता.

उलट, शॉट चुकायला लागले की बहुतेक टीम काय करतात? शॉट घ्यायला चोवीस सेकंद मिळतात; त्यातले अठरा एकच स्टार जागेवर बॉल आपटत ड्रिबल करतो, बाकीचे चौघं कमरेवर हात ठेवून बघतात. माझा राग आहे तो इथं. शॉट चुकणं कुणाच्या हातात नाही, हे हातात आहे. शालेय स्पर्धांत आपली पोरंही तेच करतात, तेही उघड्या सिमेंटच्या कोर्टवर, वारं सुटलेलं असताना! लांबून मारायचा हट्ट कशाला? आत जा ना, बाबा. फार तर फाऊल मिळेल.

ज्यांना ही उदाहरणं जुनी वाटतात त्यांनी २०२५ चे बोस्टन सेल्टिक्स आठवावेत. आदल्या वर्षीचे विजेते. न्यूयॉर्कविरुद्धच्या मालिकेत घरच्या कोर्टवर पहिल्या दोन्ही मॅचेसमध्ये त्यांनी वीस गुणांची आघाडी घेतली आणि दोन्ही हरले. थ्री-पॉइंटर पहिल्या मॅचला ६० पैकी १५, दुसऱ्या मॅचला ४० पैकी १०. एक दिवस पडले नाहीत, समजू शकतो. पण पहिल्या मॅचला एवढं होऊन दुसऱ्या मॅचलाही चाळीस? दुसरी मॅच गेली एका गुणानं, ९०-९१. शेवटच्या क्वार्टरला आत शिरून दोन फ्री थ्रो जास्त मिळवले असते, तर मी आज तुमच्यासमोर दुसरं उदाहरण शोधत बसलो असतो.