कोंडलेला उंट

नमस्कार श्रोतेहो. बुद्धिबळाच्या डावात बारा-पंधरा खेळ्या झाल्यात, किल्लेकोट झालाय म्हणजे राजा हत्तीच्या आडोशाला गेलाय, पटावर कुठंच मारामारी नाही आणि खेळी तुमची आहे. काय खेळायचं? डावाच्या मध्यात सगळ्यांचं घोडं इथंच अडतं.

२००० सालचा पावसाळा. आपल्या पुण्याचे अभिजित कुंटे त्याच वर्षी ग्रँडमास्टर झाले होते आणि माझ्या अंगात बुद्धिबळ संचारलं होतं. नारायण पेठेत मामाच्या वाड्याच्या ओसरीवर आमचा डाव चालायचा. पट कापडी, त्यावर एका घरात आमटीचा पिवळा डाग. मी काळे घेऊन बसलेलो. माझी प्यादी ई६ आणि डी५ वर, मामाची ई५ आणि डी४ वर (अक्षर म्हणजे घराची उभी पट्टी, आकडा म्हणजे पांढऱ्याच्या बाजूनं मोजलेली आडवी ओळ). एकमेकांना भिडलेली, कुणीच हलेना. वीस मिनिटं मी नुसता पटाकडे बघत होतो. शेवटी हत्ती उचलायला हात पुढं केला, तसा मामा म्हणाला, "थांब. खेळी नको सांगूस. एकेका मोहऱ्यावर बोट ठेव आणि हा काय काम करतो, ते सांग."

मी सांगत गेलो. हा घोडा मधल्या प्याद्यावर जोर देतो. हा वजीर अमुक घर राखतो. बोट सी८ च्या उंटावर आलं आणि मी गप्प. हा उंट चालणार पांढऱ्या घरांवरून आणि माझी मधली प्यादी उभी पांढऱ्याच घरांवर! मीच त्याला कोंडलेला.

"समोरचं दार बंद आहे ना? मग मागचं उघड," मामा म्हणाला.

मी बाजूचं प्यादं बी६ वर सरकवलं. पुढच्या खेळीला उंट ए६ वर, नेमका त्या आमटीच्या डागावर. समोर डी३ वर मामाचा उंट, माझ्या राजावर डोळा लावून बसलेला. मामानं मारला, मी घोड्यानं परत मारला. माझा सगळ्यात निकामी मोहरा देऊन मी त्याचा सगळ्यात कामाचा मोहरा घेतला होता.

पुन्हा सांगतो, श्रोतेहो. खेळी शोधू नका, आधी निकामी मोहरा शोधा. मग त्याला चांगलं घर बघा, किंवा त्याची अदलाबदल करा. तेवढ्यानं बेत सापडतो. समोरच्याचा बेतही तपासायचा, ते ओघानं आलंच.

आणि पालकांनो, कोण किती पुढे आहे ते दाखवणारा फोनवरचा आकडा लहान मुलांना दाखवू नका. त्यानं पटावर बोट ठेवून बघायची सवयच जाते. स्पर्धेच्या हॉलमधून पोर बाहेर आलं की "जिंकलास का?" विचारण्याआधी हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवा. चार तास बसून आलेलं असतं हो ते.

तो डाव मामानंच जिंकला, पण रात्रीचे साडेनऊ वाजवून. मामी दोनदा पानं वाढून गेली होती.