बी. बी. किंग आणि त्यांची ल्युसिल

श्रोतेहो, नमस्कार. ब्लूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतप्रकाराचे गायक आणि गिटारवादक बी. बी. किंग यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९४९ मध्ये निघाली आणि ऑक्टोबर २०१४ पर्यंत ते जाहीर कार्यक्रम करीत राहिले. एकट्या १९५६ या वर्षात त्यांनी ३४२ कार्यक्रम केले. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात १९२५ साली जन्मलेला, शेतावर ट्रॅक्टर चालवणारा रायली किंग हा तरुण मेम्फिस शहरात आला, तेव्हा त्याला पहिला हात दिला तो रेडिओने. डब्ल्यूडीआयए या केंद्रावर तो एका टॉनिकची जाहिरात गाऊन सादर करीत असे, आणि तेथेच पडलेल्या ‘ब्लूज बॉय’ या नावाचे पुढे बी. बी. झाले. रेडिओने घडवलेले कलावंत श्रोत्याला कंटाळा येण्याआधी थांबायला शिकतात, असे माझे ठाम मत आहे.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा विषय निवडला, तो सांगतो. १९४९ चा हिवाळा होता. आर्कान्सा राज्यातील ट्विस्ट या लहानशा गावी नाचगाण्याच्या एका लाकडी हॉलमध्ये किंग वाजवीत होते. थंडी घालवण्यासाठी हॉलच्या मध्यभागी अर्धे रॉकेल भरलेले एक पिंप पेटवून ठेवलेले होते आणि त्याच्याभोवती लोक नाचत होते. ज्यांच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता, त्या श्रोत्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको. दोन माणसांची मारामारी जुंपली, त्या झटापटीत पिंप कलंडले आणि पेटते रॉकेल जमिनीवर पसरले. सगळे दाराकडे धावले, किंगही धावले. बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर त्यांच्या लक्षात आले, की गिटार आतच राहिली. ती गिटार सुमारे ३० डॉलरची होती. पण तेवढ्या पैशांत दुसरी घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. लोक नको म्हणत असताना ते जळत्या इमारतीत पुन्हा शिरले आणि गिटार घेऊन जेमतेम जिवानिशी बाहेर पडले. त्या आगीत दोन माणसे मृत्युमुखी पडली. दुसऱ्या दिवशी किंग यांना कळले, की ती मारामारी त्याच हॉलमध्ये काम करणाऱ्या एका स्त्रीवरून झाली होती आणि तिचे नाव ल्युसिल होते. त्यांनी गिटारला ल्युसिल हे नाव दिले, आणि पुढे आयुष्यभर जी जी गिटार वाजवली तिलाही तेच नाव ठेवले. ही हकीकत बहुधा प्रेमकथेसारखी रंगवून सांगितली जाते, ते मला पटत नाही. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही, अशी स्वतःला दिलेली ती ताकीद होती, आणि किंग स्वतः तसेच सांगत असत.

त्यांच्या वादनाविषयी थोडक्यात सांगायचे, तर त्यांचे नातलग बुका व्हाइट हे तारांवर नळी घसरवून जो कंपित स्वर काढीत, तो किंग यांना तसा जमेना. म्हणून त्यांनी डाव्या हाताच्या बोटानेच तार हलवून तो परिणाम साधला. तार ओढून स्वर चढवण्याची त्यांची रीत सतारीची मींड ऐकलेल्या कानाला चटकन ओळखीची वाटते. दुसरे म्हणजे, ते गाताना वाजवीत नसत. पुन्हा सांगतो, गाताना वाजवीत नसत: आधी ओळ गायची, मग गिटारने तिला उत्तर द्यायचे. हल्लीच्या कार्यक्रमांत वाद्यांचा आवाज गायकाच्या डोक्यावर चढवून ठेवतात, ती पद्धत मला मुळीच मान्य नाही. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्यांनी किंग यांचे एक तरी ध्वनिमुद्रण बसून ऐकावे.

१९६९ च्या ‘द थ्रिल इज गॉन’ या गाण्याने त्यांचे नाव ब्लूजच्या नेहमीच्या श्रोत्यांपलीकडे पोहोचले, पुढे १५ ग्रॅमी पुरस्कार मिळाले. पण माझी पसंती २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या रीगल थिएटरात झालेल्या कार्यक्रमाला आहे. त्यातील ‘हाऊ ब्लू कॅन यू गेट’ या गाण्यात एक त्रासलेला पुरुष आपण काय काय दिले याचा पाढा वाचतो आणि सभागृह आरोळ्यांनी दणाणून जाते. ते गाणे आता ऐकू या.